लॅपटॉपवर आहेत, सर्व्हरवर नाहीत: वेबसाइट चढवताना फोल्डर हरवतात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. संस्थेची साधी एचटीएमएल वेबसाइट विंडोज लॅपटॉपवर तयार केली. तिथे इंडेक्स फाइलवर डबल-क्लिक केले की सगळी पाने, फोटो, रंगरूप नीट दिसते. फाइलझिलाने (एफटीपी, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायचा प्रोग्रॅम) शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) चढवल्यावर मुख्य पान उघडते, पण रंगरूप गेलेले असते, निम्मे फोटो नसतात आणि ‘वऱ्हाड-सहल’ नावाच्या फोल्डरचा तर पत्ताच नाही. पुन्हा अपलोड करूनही तीच गत.

आता आणखी एकदा अपलोड करू नका. ‘फोल्डर गायब’ या एकाच तक्रारीच्या पोटात तीन निरनिराळे बिघाड असतात. एक, फोल्डर सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. दोन, पोहोचला, पण भलत्या जागी. तीन, आहे त्या जागी आहे, पण ब्राउझर ज्या नावाने मागतो त्या नावाने सर्व्हरला तो सापडत नाही, किंवा द्यायची परवानगी नाही. पुन्हा अपलोड करून यातला फक्त पहिला सुटतो, तोही दरवेळी नाही. दुसऱ्या बिघाडात उलट एकाच वेबसाइटच्या तीन-तीन प्रती सर्व्हरवर साठतात आणि नंतर कोणती खरी ते तुम्हालाच कळत नाही.

वेब सर्व्हर ब्राउझरला फोल्डर देत नाही, फाइल देतो. फोल्डर त्याच्या लेखी पत्त्याचा एक तुकडा असतो, बस. म्हणून ‘इमेजेस फोल्डर दिसत नाही’ असे न म्हणता त्या फोल्डरातली एकच फाइल धरा आणि तिचाच माग काढा. समजा, इमेजेस/लोगो.पीएनजी. (खाली फाइली, फोल्डर आणि कमांडची नावे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजीत, आणि वेगळे सांगितले नसेल तर स्मॉल अक्षरांत टाकायची.)

आधी बिघाड कोणता ते ठरवा

ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे जुनी साठवलेली प्रत आड येणार नाही. ॲड्रेस बारमध्ये तुमचे डोमेन, तिरपी रेघ, इमेजेस, तिरपी रेघ, लोगो.पीएनजी असा पूर्ण पत्ता हाताने टाका. चित्र उघडले तर फोल्डर शाबूत आहे आणि चूक पानात लिहिलेल्या लिंकमध्ये आहे. ४०४ आला तर त्या पत्त्यावर फाइल नाही, म्हणजे पोहोचली नाही, भलतीकडे आहे किंवा नाव जुळत नाही. ४०३ आला तर बहुतेक वेळा फाइल आहे, परवानगी नाही. ५०० (सर्व्हरची अंतर्गत चूक) आला तर डॉट एचटीॲक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलकडे संशयाने बघा.

इथे एक गफलत हमखास होते. फाइलऐवजी नुसत्या फोल्डरचा पत्ता टाकून बघितला जातो आणि ४०३ दिसला की फोल्डर बिघडला असे वाटते. त्या फोल्डरात इंडेक्स.एचटीएमएल नसेल तर बहुतेक होस्टिंगवर ४०३च येतो, कारण आतली यादी पाहुण्यांना दाखवणे त्यांनी मुद्दाम बंद ठेवलेले असते. तो बिघाड नव्हे.

दुसरी तपासणी होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमध्ये करायची, फाइलझिलात नाही. फाइलझिला उजव्या बाजूला जी यादी दाखवतो ती काही वेळा आधीची साठवलेली असते. एफ५ दाबल्याशिवाय ताजी होत नाही. शिवाय त्याचे फिल्टर लागू असतील तर असलेली गोष्टही तो लपवतो.

तिसरी तपासणी पानातल्या लिंकांची. संकेतस्थळ उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, पान रिफ्रेश करा. लाल ओळींवर माउस नेला की ब्राउझरने नेमका कोणता पत्ता मागितला ते दिसते. तो पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. अर्धी प्रकरणे इथेच संपतात.

फोल्डर पोहोचलाच नसेल तर

फाइलझिलाच्या तळाशी तीन टॅब असतात: रांगेतल्या फाइली, फसलेल्या फाइली आणि यशस्वी झालेल्या. अपलोड झाल्यावर ‘क्यू’ रिकामी दिसली की काम झाले असे समजून लोक खिडकी बंद करतात. मधल्या ‘फेल्ड ट्रान्सफर्स’ टॅबवर आकडा असतो, तो कोणी बघत नाही. शेकडो फोटोंच्या अपलोडमध्ये पाचपन्नास फाइली तिथे पडलेल्या असणे अगदी नेहमीचे आहे, आणि एखाद्या छोट्या फोल्डरातल्या सगळ्याच फाइली त्यात असतील तर तो फोल्डर सर्व्हरवर रिकामा राहतो किंवा तयारच होत नाही. त्या टॅबमध्ये राइट-क्लिक करून ‘रीसेट अँड रिक्यू ऑल’ करा आणि रांग पुन्हा चालू करा.

पण आधी वरच्या लॉगमध्ये कारण वाचा, नाहीतर पुन्हा तेच होईल. ४२१ म्हणजे सर्व्हरने एकाच वेळी इतकी कनेक्शन नको म्हणून सांगितले. फाइलझिला मुळात २ ट्रान्सफर एकत्र चालवतो. कोणीतरी वेगासाठी ते १० केलेले असते. सेटिंग्जमधल्या ट्रान्सफर्समध्ये तो आकडा १ किंवा २ वर आणा. ४२५ म्हणजे डेटा कनेक्शन उघडले नाही. साइट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर मोड ‘पॅसिव्ह’ करा. ५५२ म्हणजे जागेचा कोटा संपला. ५५० म्हणजे परवानगी नाही किंवा ती वाट अस्तित्वात नाही. सलग काही फाइली टाइमआउट होत असतील तर मूळचा २० सेकंदांचा टाइमआउट ६० करून बघा.

कोट्याची एक उपजात लक्षात येत नाही. जागा शिल्लक दिसते, तरी नवीन फाइल तयार होत नाही. शेअर्ड होस्टिंगवर मेगाबाइटशिवाय फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते. तिला आयनोड म्हणतात. प्रत्येक फाइल एक आयनोड, प्रत्येक फोल्डर एक आयनोड, आणि मेलबॉक्समधला प्रत्येक ईमेलसुद्धा बहुधा एक आयनोड. कित्येक वर्षांचा न उघडलेला ईमेल वेबसाइटचे फोल्डर अडवून बसतो तो असा. सीपॅनेल या प्रचलित कंट्रोल पॅनेलच्या उजव्या बाजूच्या आकडेवारीत ‘फाइल यूसेज’ बघा.

फोटोंच्या एकाच फोल्डरात हजारो फाइली असतील तर उलट प्रकार संभवतो. फाइली सर्व्हरवर असतात, पण एफटीपी सर्व्हर यादी अर्ध्यात तोडतो. लॉगमध्ये ‘आउटपुट ट्रंकेटेड’ अशी ओळ दिसली तर अपलोडला दोष देऊ नका. फोटो वर्षवार उपफोल्डरांत विभागा.

फिल्टर: ‘व्ह्यू’ मेनूतला फिल्टरचा पर्याय उघडा आणि डाव्या, उजव्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या खुणा काढा. डाव्या बाजूचा फिल्टर लागू असेल तर त्या नावाचा फोल्डर अख्खा फोल्डर ओढतानाही वगळला जातो, आणि त्याची तक्रार कुठेच उमटत नाही. ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली व फोल्डर सर्व्हरवर दिसत नसतील तर ‘सर्व्हर’ मेनूत लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय आहे. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये तोच पर्याय वर उजवीकडे ‘सेटिंग्ज’मध्ये असतो. मॅकवर लपलेल्या फाइली बघायला फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबतात.

‘फाइल आधीच आहे’ या चौकटीत एकदा ‘सोर्स नवी असेल तरच’ निवडून ‘नेहमी हेच’वर खूण केलेली असेल, तर घड्याळातल्या किंवा टाइमझोनच्या फरकामुळे सुधारलेली फाइल जुनी समजून वगळली जाते. शंका असेल तेव्हा सरळ ओव्हरराइट.

आणि लॅपटॉपवरच फोल्डर नसेल तर? डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतील तर एक्सप्लोररमध्ये दिसणाऱ्या काही फाइली प्रत्यक्षात डिस्कवर नसतात. नावापुढे ढगाचे चिन्ह असते. इंटरनेट अडखळले की एफटीपी प्रोग्रॅमला त्या वाचता येत नाहीत. वेबसाइटच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, किंवा त्याहून बरे, वेबसाइट सी ड्राइव्हवर एका साध्या, उथळ फोल्डरात हलवा. फार खोल फोल्डरांत विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आड येते. मॅकवर आणखी एक सापळा आहे. विंडोजमध्ये एका नावाचा फोल्डर त्याच नावाच्या फोल्डरवर टाकला की दोन्हींतल्या फाइली एकत्र होतात. मॅकवर ‘रिप्लेस’ म्हटले की जुना फोल्डर आतल्या सगळ्यासकट जातो आणि नवाच राहतो. पाच नवे फोटो असलेला इमेजेस फोल्डर जुन्यावर टाकला की बाकीचे सगळे गेले.

वर्डमधून ‘वेब पेज’ म्हणून साठवलेले पान असेल तर एचटीएमएलबरोबर त्याच नावाचा, शेवटी अंडरस्कोर आणि फाइल्स असलेला फोल्डर तयार होतो. चित्रे त्यात असतात. तो बरोबर न्यायचा असतो आणि त्याचे नाव बदलायचे नसते.

पोहोचला, पण भलत्या जागी

सीपॅनेलवर मुख्य डोमेनची फाइल पब्लिक_एचटीएमएल या फोल्डरात लागते, प्लेस्क या दुसऱ्या पॅनेलवर एचटीटीपीडॉक्समध्ये. इतर ठिकाणी एचटीडॉक्स किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असू शकते. दुसरे डोमेन त्याच खात्यात जोडलेले असेल तर त्याची जागा वेगळी असते. ‘डोमेन्स’ पानावर ‘डॉक्युमेंट रूट’ या रकान्यात नेमकी वाट लिहिलेली असते. अंदाज करू नका, तिथून वाचा.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे सीपॅनेलमध्ये नव्याने तयार केलेले एफटीपी खाते. ते बनवताना ‘डिरेक्टरी’च्या चौकटीत आपोआप एक वाट भरली जाते, जिच्या शेवटी त्या खात्याचेच नाव असते. ती न बदलता खाते तयार केले की त्या खात्याने लॉगिन केल्यावर समोर दिसणारी ‘मुळाची’ जागा ही खरी मुळाची नसतेच. ती बहुधा पब्लिक_एचटीएमएलच्या आतला एक कोपरा असते. फाइलझिलात मात्र ती नुसत्या तिरप्या रेघेने दाखवली जाते. तिथे पब्लिक_एचटीएमएल दिसत नाही म्हणून लोक त्या नावाचा नवा फोल्डर करतात आणि त्यात वेबसाइट टाकतात. सगळे यशस्वी, काहीही फसले नाही, आणि संकेतस्थळावर काहीही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: फाइलझिलात एक रिकामी टेक्स्ट फाइल चढवा आणि ती फाइल मॅनेजरमध्ये कुठे उगवते ते शोधा.

एक पातळी जास्त पडणे हाही नेहमीचा प्रकार. ‘माझीसाइट’ हा फोल्डरच ओढून टाकला तर पाने पब्लिक_एचटीएमएल/माझीसाइटमध्ये जातात. झिप करतानाही बाहेरचा फोल्डर झिप केला की हेच. आरसिंक (फाइली नेण्याची कमांड) वापरणाऱ्यांसाठी: स्रोताच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, न दिल्यास फोल्डरच जातो. त्यातला ‘डिलीट’ पर्याय चुकीच्या पातळीवर लावला तर सर्व्हरवरचे चांगले फोल्डर पुसले जातात. आधी ‘ड्राय-रन’ लावून यादी बघितल्याशिवाय तो चालवू नये.

नुकतेच होस्टिंग बदलले असेल तर डोमेन अजून जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत नाही ना, हेही तपासा. तुम्ही नव्या घरात सामान लावताय आणि पाहुणे जुन्या घरी जाताहेत, असे होते.

जागेवर आहे, पण नाव जुळत नाही

लॅपटॉपवर चालणारे सर्व्हरवर न चालण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

विंडोज आणि साधारणपणे मॅकसुद्धा नावातला कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाहीत. होस्टिंगचे सर्व्हर बहुतेक लिनक्सवर असतात आणि लिनक्स तो फरक काटेकोर मानतो. फोल्डरचे नाव कॅपिटल आयने सुरू होणारे इमेजेस आणि पानात स्मॉल आय असेल, तर लॅपटॉपवर चित्र दिसेल आणि सर्व्हरवर ४०४ येईल. एक्स्टेन्शनलाही हेच लागू: कॅमेरे अनेकदा जेपीजी कॅपिटलमध्ये देतात. उपाय एकच ठेवा, सगळी नावे स्मॉल अक्षरांत, जागेऐवजी जोडरेघ. पण फाइलझिलाने नुसते नाव बदललेले फोल्डर पुन्हा चढवले तर सर्व्हरवर दोन्ही राहतात. जुना हाताने काढा.

लिंकमध्ये उलटी तिरपी रेघ असेल तर काही ब्राउझर ती सुधारून घेतात, पण स्टाइलशीटमध्ये तिचा अर्थच वेगळा होतो. नेहमी सरळ तिरपी रेघ. पत्ता ‘फाइल’ या शब्दाने सुरू होऊन पुढे सी ड्राइव्हचे नाव असेल तर तो तुमच्या लॅपटॉपचा पत्ता आहे. तुमच्या लॅपटॉपवर तो जुळू शकतो, म्हणून तिथे शंकाही येत नाही. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर मात्र काहीच दिसत नाही. कोड एडिटरमध्ये सगळ्या फाइलींत ‘फाइल:’ हा शब्द एकदम शोधा.

फोल्डरच्या नावात हॅशचे चिन्ह असेल आणि लिंकमध्ये ते तसेच लिहिले तर तो फोल्डर उघडणार नाही, कारण ब्राउझर हॅशनंतरचा भाग सर्व्हरला पाठवतच नाही. टक्क्याचे चिन्हही टाळा.

काही नावे आधीच घेतलेली असतात. अपाची सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत ‘आयकॉन्स’ ही वाट त्याच्या स्वतःच्या चित्रांकडे वळवलेली असते. तुमचा आयकॉन्स फोल्डर डोमेनच्या मुळाशी नीट चढलेला असतो, परवानग्या बरोबर असतात, नाव जुळते आणि तरी ४०४. नाव बदलून आयकॉन-सेट करा, लगेच चालते. सीपॅनेलवर वेबमेल आणि सीपॅनेल या नावांचेही तसेच, ते पत्ते लॉगिनकडे जातात. आणि ‘ॲड्स’ किंवा ‘बॅनर्स’ नावाच्या फोल्डरातली चित्रे सर्व्हर देतो, पण पाहणाऱ्याच्या ब्राउझरमधला ॲडब्लॉकर अडवतो. संस्थेच्या कार्यक्रमांचे फलक ‘बॅनर्स’मध्ये ठेवले की काहींना दिसतात, काहींना नाही, आणि तक्रार कुणाच्याच समजुतीत बसत नाही. एफ१२च्या नेटवर्क टॅबमध्ये अशा ओळीपुढे ‘ब्लॉक्ड’ लिहिलेले असते.

आता ‘वऱ्हाड-सहल’. देवनागरी नावाचे फोल्डर चालतात, ब्राउझर त्यांचे रूपांतर करून पाठवतो. अडचण मराठीत विशेष आहे ती अर्ध्या ‘र’ची. वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा यांतला तो रेघेसारखा र युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: नुक्त्याचा ऱ हे एक चिन्ह आणि हलन्त; साधा र आणि नुक्ता अशी दोन सुटी चिन्हे आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य शून्यरुंदीचा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे. ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’ शेजारी ठेवले तरी फरक दिसत नाही. लिनक्स मात्र नावातले बाइट जुळवतो, म्हणून त्याच्या लेखी ही वेगवेगळी नावे. फोल्डरचे नाव मोबाइलच्या कीबोर्डवर टाइप केले, पानातली लिंक इनस्क्रिप्टवर, की दोन्ही बरोबर दिसून ४०४. पहिल्या दोन प्रकारांचा घोळ जुन्या मॅकवरूनही येतो, कारण एपीएफएसच्या आधीची एचएफएस-प्लस ही फाइल-पद्धत ऱ सारखी चिन्हे सुटी करून साठवत असे.

ओळखायचे असेल तर फाइल मॅनेजरमधून फोल्डरचे नाव कॉपी करा, एडिटरच्या शोध-चौकटीत टाका आणि पानाच्या कोडमध्ये शोधा. सापडले नाही तर हाच घोळ. तात्पुरता उपाय म्हणजे ते कॉपी केलेले नाव लिंकमध्ये पेस्ट करणे. कायमचा उपाय म्हणजे फोल्डरचे नाव रोमन स्मॉल अक्षरांत ठेवणे आणि मराठी शीर्षक पानावर लिहिणे. वाचकाला मराठी पान हवे असते. फोल्डरचे नाव मराठी असल्याने त्याला काही मिळत नाही, उलट व्हॉट्सॲपवर पाठवलेला पत्ता टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला दिसतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरे साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट घेते आणि रूपांतरित पत्त्यात ९ अक्षरे होतात. ‘ज्ञा’ एवढ्यासाठी ३६. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-पद्धतीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ देवनागरी चिन्हे. कार्यक्रमाचे पूर्ण नाव, स्थळ आणि तारीख घालून केलेला फोल्डर विंडोजवर सहज बनतो आणि सर्व्हरवर बनत नाही.

परवानग्या

फोल्डरला ७५५, फाइलीला ६४४. एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे. बिघाड बहुधा दुरुस्ती करताना होतो: फाइलझिलात पब्लिक_एचटीएमएलमधले सगळे निवडून ६४४ दिले आणि ‘उपफोल्डरांनाही लावा’वर खूण केली, पण ‘फक्त फाइलींना’ हा पर्याय निवडायचा राहिला. फोल्डरला ६४४ मिळाले की त्याच्या आत शिरण्याची परवानगी जाते आणि आतल्या सगळ्या फाइलींवर ४०३ येतो. पुन्हा तीच खिडकी उघडा, ७५५ ‘फक्त फोल्डरांना’ लावा, मग ६४४ ‘फक्त फाइलींना’. वैतागून ७७७ देऊ नका. सुरक्षिततेचा प्रश्न आहेच, शिवाय अनेक होस्टिंगवर सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरातली पीएचपी फाइल चालवायला सर्व्हर नकार देतो आणि ५०० येतो.

गिटमार्फत प्रकाशित करत असाल तर

गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, आणि गिटहब ही त्या नोंदी ठेवणारी वेबसेवा. इथे फोल्डर गायब होण्याची कारणे निराळी आहेत. गिट रिकामा फोल्डर साठवतच नाही. तो हवाच असेल तर आत एखादी फाइल ठेवावी लागते, प्रथेने तिचे नाव डॉट गिटकीप. डॉट गिटइग्नोर फाइलीत डिस्ट, बिल्ड किंवा व्हेंडर लिहिलेले असेल तर ते फोल्डर पुश होत नाहीत, म्हणजे वर पाठवले जात नाहीत. कोणत्या ओळीमुळे वगळले ते ‘गिट चेक-इग्नोर’ला व्ही पर्याय आणि वाट देऊन कळते. ‘गिट एलएस-फाइल्स’ने आलेल्या यादीत फाइल नसेल तर ती प्रकाशित होणार नाही, मग लॅपटॉपवर ती कितीही दिसो. याच यादीत देवनागरी नावे ३४०, २४४ अशा आकड्यांच्या माळेत दिसतात. नाव बिघडलेले नसते, कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केले की नीट दिसते.

गिटहबवर फोल्डर बाणाच्या चिन्हासह दिसतो आणि क्लिक केल्यावर उघडत नाही? त्या फोल्डरात आणखी एक डॉट गिट फोल्डर आहे, म्हणजे गिटच्या दृष्टीने ती दुसरीच रिपॉझिटरी (स्वतंत्र नोंद असलेला प्रकल्प). कुठून तरी उतरवलेली थीम तशीच टाकली की हे होते. आतला डॉट गिट काढा, फोल्डर आधी ‘गिट आरएम’ला कॅश्ड पर्याय देऊन नोंदीतून वगळा, मग पुन्हा ॲड करा. कॅपिटल-स्मॉलचा बदल विंडोजवर गिटच्या लक्षात येत नाही. ‘गिट एमव्ही’ने आधी तात्पुरत्या नावावर आणि मग हव्या त्या नावावर, असा दोन टप्प्यांत करावा.

गिटहब पेजेस या गिटहबच्या वेबसाइट-सेवेवर अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर जेकिल हा तिथला पाने बनवणारा प्रोग्रॅम वगळतो. स्फिंक्स आणि नेक्स्ट या वेबसाइट बनवणाऱ्या साधनांचे अंडरस्कोर-स्टॅटिक आणि अंडरस्कोर-नेक्स्ट हे फोल्डर यात सापडतात आणि पान रंगरूपाशिवाय उघडते. प्रकाशनाच्या मुळाशी डॉट नोजेकिल नावाची रिकामी फाइल ठेवली की थांबते. प्रकल्पाचे पान असेल तर पत्त्यात रिपॉझिटरीचे नाव मध्ये येते, म्हणून तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या लिंका एक पातळी वर जाऊन भलतीकडे शोधतात. ब्राउझरमधून ओढून टाकत असाल तर एका वेळी १०० फाइली आणि प्रत्येकी २५ एमबी ही मर्यादा आहे; मोठा फोटो-फोल्डर असा नेऊ नये.

शेअर्ड होस्टिंगसाठी माझी पसंती: झिप

शेकडो छोट्या फाइली एफटीपीने नेण्यापेक्षा एक झिप नेणे वेगवान आणि भरवशाचे. वेबसाइटच्या फोल्डरच्या आत जा, कंट्रोल-ए करा, निवडलेल्यांवर राइट-क्लिक करून झिप बनवा. बाहेरून फोल्डर झिप करू नका. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये आधी जुन्या पब्लिक_एचटीएमएलमधल्या सगळ्याची ‘कॉम्प्रेस’ने प्रत करा आणि ती लॅपटॉपवर उतरवा. मग झिप अपलोड, ‘एक्स्ट्रॅक्ट’, आणि निघणाऱ्या चौकटीतली वाट नीट वाचून होकार. काम झाल्यावर दोन्ही झिप सर्व्हरवरून पुसा. पब्लिक_एचटीएमएलमध्ये राहिलेली झिप कुणालाही उतरवता येते, पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलीसकट.

झिपच्याही काही खोडी आहेत. पॉवरशेलचे कॉम्प्रेस-आर्काइव्ह लपलेल्या फाइली आणि फोल्डर घेतच नाही. काही जुन्या विंडोज साधनांनी बनवलेल्या झिपमध्ये वाटेत उलटी तिरपी रेघ असते. लिनक्सवर ती उघडली की फोल्डर तयार होत नाहीत आणि फोल्डरचे नाव, उलटी रेघ, फाइलचे नाव अशा लांबलचक नावाच्या फाइली मुळाशी विखुरतात. असे दिसले तर सेव्हन-झिपने पुन्हा बनवा. देवनागरी नावे अगम्य होऊन आली तर त्याच प्रोग्रॅमच्या ‘पॅरामीटर्स’ चौकटीत सीयू=ऑन टाका, म्हणजे नावे यूटीएफ-८मध्ये जातात. मॅकवरून आलेल्या झिपमधला दोन अंडरस्कोरांचा मॅकओएसएक्स फोल्डर निरुपयोगी असतो, काढून टाका.

चढवून झाल्यावर मोजा. लॅपटॉपवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइली व फोल्डरांचे आकडे असतात. एसएसएच (सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) असेल तर सर्व्हरवर ‘फाइंड’ने तेच मोजता येते, नसेल तर संशयित फोल्डर एकेक उघडून फाइलझिलाच्या यादीखालची संख्या जुळवा. ‘व्ह्यू’ मेनूतली ‘डिरेक्टरी कम्पॅरिझन’ फरक रंगाने दाखवते.

एवढे होऊनही ४०४ टिकला आणि फाइल मॅनेजरमध्ये फाइल डोळ्यांसमोर असेल, तर क्लाउडफ्लेअरसारखी, पानांच्या प्रती साठवून देणारी सेवा मध्ये आहे का बघा आणि तिथली कॅश ‘पर्ज’ करा. आधीचा ४०४ही थोडा वेळ साठवला जाऊ शकतो. तरी नाही, तर होस्टिंगच्या सपोर्टला लिहा, पण ‘फोल्डर दिसत नाही’ एवढेच नको. एका फाइलीचा पूर्ण वेब-पत्ता, फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी तिची पूर्ण वाट, परवानगीचा आकडा, आलेला कोड आणि तुम्ही तो पत्ता उघडून बघितल्याची भारतीय वेळ द्या. त्या वेळेवरून ते एरर लॉगमधली नेमकी ओळ शोधू शकतात, आणि सर्व्हरने ती फाइल कोणत्या वाटेवर शोधली ते त्या ओळीत बहुधा लिहिलेले असते.